आबा गाडी लावून येतात

आमच्या घराण्यात निरोप घेत नाहीत, सटकतात. ही कला आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आली आहे, आणि तिच्यात आमचा हात धरणारं कुणी मी अजून तरी पाहिलेलं नाही. लहान मूल रडू नये, एवढाच त्यामागचा उदात्त हेतू. बाहेर जायचं असलं की चपला आधीच दाराबाहेर नेऊन ठेवायच्या. मुलाच्या हातात बिस्किट द्यायचं, खिडकीकडे बोट दाखवून "अगंबाई, काऊ बघ!" म्हणायचं, आणि ते बिचारं काऊ शोधून मान वळवेपर्यंत आपण जिन्यात असायचं. कडीचा आवाज होता कामा नये. कडी वाजली की सगळं मुसळ केरात. मला स्वतःला बालवाडीच्या पहिल्या दिवशी आईने "भाजी घेऊन आलेच" असं सांगून सोडलं होतं. चार तासांनी ती आली, तेव्हा तिच्या हातात भाजी नव्हती. हे मला अजून लख्ख आठवतं. आईला आठवत नाही.

तर अशा घराण्यातली मी, माझा नवरा आणि आमची अडीच वर्षांची मुलगी, असे तिघं परदेशात राहायला आलो. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या कंपनीने त्याला इकडे बोलावलं. मुलीचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त आहे, पण चालायला लागल्यापासून ती एका जागी उभी राहिल्याचं कुणाच्या पाहण्यात नसल्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणतात. आणि मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेतात, ते आमच्या बाकावर येतं. मग प्लॅस्टरचा साचा, त्यावर मेणाच्या हिरड्या, आणि त्या मेणात एकेक दात असा बसवायचा की माणूस हसला तर बायकोलाही शंका येऊ नये. या कामामुळे मला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत, दातांनी राहतात. आमच्याकडे दातांच्या रंगांची एक पट्टी असते, ए-वन, ए-टू, बी-थ्री अशी. नवरा पहिल्यांदा माझ्यासमोर हसला तेव्हा माझ्या मनात आलं होतं, ए-टू, खालचा एक किंचित आडवा, चालून जाईल.

निघताना खरा प्रश्न होता आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. बस चालवण्यात त्यांची हयात गेली. आता घरची छोटी गाडी चालवतात, पण लावतात ती बससारखीच. लावतात, उतरतात, मागे जाऊन बघतात, पुढे जाऊन बघतात, पट्ट्यापासूनचं अंतर चपलेने मोजतात, पुन्हा बसतात, चार बोटं सरकवतात आणि पुन्हा उतरतात. आबांना गाडी लावायला अर्धा तास लागतो हे साऱ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. त्यांच्या गाडीतून लग्नाला गेलेल्या माणसाला लग्न दिसत नाही, थेट जेवण दिसतं. या सगळ्या कार्यक्रमात भिंगरी त्यांची मदतनीस होती. मागच्या काचेतून बघत "मागे, मागे, मागे, बाSSस!" असं ओरडणं हे तिचं काम. आबा तिच्या "बास"वर ब्रेक दाबायचे. एवढा मान त्यांनी आयुष्यात एकाही कंडक्टरला दिला नव्हता.

अशी ही जोडी विमानतळावर फोडायची कशी? मी आणि आईने आठवडाभर आधी बेत आखला. आबांनी दाराशी सामान उतरवायचं आणि गाडीत बसून निघून जायचं, आईने मागून रिक्षाने यायचं. ठरल्याप्रमाणे आईने आकाशाकडे बोट केलं. काऊ नव्हता, म्हणून विमान दाखवलं. भिंगरीने मान वर केली, आबांनी गाडी काढली. मान खाली आली तेव्हा तिने विचारलं, "आबा?"

"आबा गाडी लावून येतात," मी म्हटलं.

झालं. तिचं पूर्ण समाधान झालं. आबांना गाडी लावायला वेळ लागतो हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत असणार? पुढे रांगेत, विमानात, अकरा तासांच्या प्रवासात तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पोचल्या पोचल्या मी आईला फोन केला. "एक टिपूस नाही गं!"

"मग! हात कुणाचा फिरलाय!" आई म्हणाली.

त्याच फोनवर आम्ही दोघींनी आणखी एक ठराव पास केला. आबांना पाहिलं की ती रडेल, तेव्हा काही दिवस आबांनी व्हिडिओवर यायचं नाही. ठराव पास होताना आबा तिथेच बसले होते, पण त्यांचं मत घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

नवं घर चौथ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, भिंती कोऱ्या, आणि एक अवाढव्य खिडकी. खिडकीखाली इमारतीची गाड्या लावायची जागा. पहिले काही दिवस माझा जीव नुसता मेटाकुटीला आला. कचऱ्याचे डबे चार रंगांचे. चहाची भिजलेली पुडी नेमक्या कुठल्या रंगात टाकायची यावर नवरा-बायकोत अबोला झाला. कपडे धुवायचं यंत्र तळघरात, आणि त्याच्या वेळा एका तक्त्यावर. मी चुकून दुसऱ्याच्या वेळेत यंत्र लावलं, तर आमचे कपडे घडी घालून, वर चिठ्ठी ठेवून बाहेर काढलेले. चिठ्ठीतला मजकूर सभ्य होता, पण घड्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या, आणि अपमान नेमका तिथे होता.

भिंगरी मात्र गुणी बाळासारखी वागत होती, आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. जी पोरगी कधी टेकत नव्हती, ती दिवसभर त्या खिडकीशी बसून राहायची. एखादी गाडी आली की उठून उभी राहायची, काचेला नाक लावायची, "मागे, मागे" असं पुटपुटायची. दार उघडून माणूस उतरला की पुन्हा खाली बसायची.

"पोरीला गाड्यांचं वेड लागलंय," नवरा कौतुकाने म्हणाला. "माझ्यावर गेलीये. यंत्राची आवड." आणि त्याने सहा खेळण्यातल्या गाड्या आणल्या. तिने त्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने, पट्टीने आखल्यासारख्या सरळ लावल्या.

मधल्या काळात तिने माझ्याबाबतीत एक नवा नियम केला होता. मी नजरेआड व्हायचं नाही. संडासात गेले तरी दाराखालच्या फटीतून चार बोटं आत यायची. घोरपड भिंतीला चिकटते तशी ती माझ्या पायाला चिकटायची, आणि मी पायाला पोरगी बांधूनच भांडी घासायचे. नवी जागा आहे, होईल सवय, असं आम्ही म्हणायचो. आईच्या व्हिडिओ फोनमध्ये कधीतरी पलीकडून ओळखीचा खोकला ऐकू यायचा. भिंगरी दचकून मान वर करायची. "कुकर गं, कुकर," आई घाईने म्हणायची. कुकर आबांच्या आवाजात खोकतो हे आम्ही त्या पोरीला पाच आठवडे पटवत होतो.

अशात मला नोकरी लागली. कवळ्या बनवणारी एक छोटी लॅब होती, मालक दाढीवाला, स्वतःचे दात सी-टू, चहा-कॉफीने डागाळलेले. त्याने मला परीक्षेसाठी पुढचे दोन दात मेणात बसवायला दिले. अडीच वर्षांनी हातात गरम मेण आलं आणि माझे डोळेच भरून आले. मी त्याला धुराचं कारण सांगितलं. त्याने भिंग लावून दात वरून बघितले, खालून बघितले, आणि म्हणाला, "एक तारखेपासून या. पण एक तारखेपासूनच. नंतर चालणार नाही. बाक रिकामं ठेवता येत नाही मला."

मला ती नोकरी मनापासून हवी होती. मला त्या देशात कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई यापलीकडे काही तरी व्हायचं होतं. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचं होतं आणि संध्याकाळी नखांत प्लॅस्टर घेऊन परत यायचं होतं.

म्हणजे भिंगरीला पाळणाघर हवं. ते कोपऱ्यावरच होतं, आणि आमच्या नशिबाने एक जागा रिकामी झाली होती. पाळणाघराच्या बाई उंच, शांत, दात बी-वन, सगळे स्वतःचे. मी त्यांच्या भाषेत जे मोडकंतोडकं बोलत होते ते इथे सरळ करून लिहिते.

"मुलाला रुळायला आम्ही दहा दिवस देतो," बाई म्हणाल्या. "पहिले तीन दिवस तुम्ही आत बसायचं. मग थोडा थोडा वेळ बाहेर. दहाव्या दिवशी ती तुमच्याशिवाय राहिली तर जागा तिची. नाही राहिली तर तिची अजून वेळ आलेली नाही असं समजायचं, आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. मग पुन्हा जागा मिळायला वर्ष जाईल."

दहावा दिवस शुक्रवार होता. सोमवारी एक तारीख.

बाईंनी नियमांचा कागद दिला. पहिला नियम ठळक अक्षरात होता. जाताना मुलाला स्पष्ट सांगून जा. हात हलवा. मग जा, आणि मागे फिरू नका. वाचून मला हसूच आलं. ज्यांच्या देशात कचऱ्याला चार डबे लागतात, त्यांना साधं सटकता येत नसेल तर त्यात नवल ते काय! घरी आल्यावर आईला वाचून दाखवलं.

"सांगून जायचं? तोंडावर?" आई हादरलीच. "काळीज आहे की दगड? तू आपलं आपल्या पद्धतीने कर."

पहिले तीन दिवस मी वीतभर उंचीच्या खुर्चीवर, गुडघे कानाशी घेऊन बसले. भिंगरी माझ्या मांडीवर बसून बाकीच्या मुलांकडे बघत होती. चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा उतरली, वाळूच्या टेबलाकडे गेली. बाई म्हणाल्या, "आता पंधरा मिनिटं बाहेर जा. तिला सांगा आणि जा."

"हो हो," मी म्हटलं, आणि तिची पाठ वळताच आमच्या घराण्याला शोभेल असा पोबारा केला. दाराचा आवाजसुद्धा केला नाही.

पंधरा मिनिटांनी परतले, तर भिंगरी दाराला पाठ लावून बसली होती. रडत नव्हती. वाळूला तिने पुन्हा हात लावला नव्हता, दूध प्यायली नव्हती, कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. माझ्याकडे तिने नुसतं बघितलं. साक्षीदार ओळखपरेडीत बघतात तसं.

पाचव्या दिवशी तिने पूर्वतयारी केली. पाळणाघरात सगळ्यांनी बूट बाहेर मांडणीत काढायचे असा नियम होता. आत शिरण्याआधी तिने माझा उजवा बूट उचलला, छातीशी धरला आणि तो घेऊनच आत गेली. मी समजावलं, बाईंनी समजावलं. बूट सुटेना. अर्ध्या तासाने ती एका चित्राच्या पुस्तकात गुंतल्यासारखी वाटली. बूट तिच्या मांडीवर. आता शहाण्या बाईने काय करावं? मी एका पायात बूट, एका पायात मोजा, अशी सटकले.

बाहेर पाऊस पडून गेला होता, त्यामुळे इमारतीबाहेर जाता येईना. मी व्हरांड्यात मुलांचे कोट टांगलेल्या खुंट्यांमागे उभी राहिले. येणारे-जाणारे आईबाप आपापल्या मुलांचे कोट काढायला हात घालत होते आणि आत मी लागत होते. एका बापाने तर घाबरून माझीच माफी मागितली. दहा मिनिटांनी दोन कोट बाजूला झाले आणि मधून बाईंचा चेहरा दिसला.

"तुम्ही इथे काय करताय?"

"काही नाही," मी म्हटलं. यापेक्षा चांगलं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

"तुम्ही तिला सांगून का जात नाही?"

"सांगितलं तर रडेल ना."

"रडेल," बाई म्हणाल्या. "मग थांबेल. आत्ता ती रडली नाही. डोळा लागेपर्यंत ती राखण करत बसली होती. राखण करणाऱ्या मुलाला खेळता येत नाही." आणि त्यांनी माझा बूट माझ्या हातात दिला. भिंगरी झोपल्यावर त्यांनी तो तिच्या कुशीतून सोडवला होता.

माझा पापड मोडला. ही कोण मला शिकवणार? आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? मी शनिवार-रविवार धुसफुसत घालवले. नवरा दोन्ही दिवस तळघरात कपडे धुवत होता, इतका की आमच्याकडे धुवायला काही उरलं नाही.

सोमवारी, म्हणजे सहाव्या दिवशी, बाईंनी मला बाहेर पाठवलंच नाही. मी दिवसभर कोपऱ्यात फुगून, फोनमध्ये डोकं घालून बसले. निघताना भिंगरीची वही हातात दिली. मूल दिवसभर काय करतं ते त्या तिथे प्रत्येकाच्या वहीत लिहितात. "आजचं वाचा," त्या म्हणाल्या. "मला एक शब्द समजत नाही."

वहीत लिहिलं होतं, "आज सगळ्या गाड्या भिंतीशी ओळीने लावते. फार नीट लावते. लावून झाल्या की दाराकडे जाते आणि वाट बघते. कोणी आलं नाही की परत येऊन गाड्या थोड्या सरकवते आणि पुन्हा दाराकडे जाते. प्रत्येक वेळी 'आबा' म्हणते. या शब्दाचा अर्थ काय?"

मी तिथेच, त्या वीतभर खुर्चीवर बसले. पाच आठवडे माझी पोर खिडकीत बसून गाड्या बघत नव्हती. ती आबांची वाट बघत होती. आबा गाडी लावून येतात असं तिला आईने सांगितलं होतं, आणि तिने ते खरं मानलं होतं. आबा एका वाक्यावर नाहीसे झाले, तशी आईही होईल, म्हणून तिने बूट धरून ठेवला होता. अडीच वर्षांच्या पोरीने एवढा साधा हिशोब केला आणि मला, तिच्या आईला, तो दिसला नाही. मला माझी स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आबा म्हणजे माझे वडील," मी बाईंना सांगितलं. बाकीचंही सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मग त्यांनाच सांगू दे."

घरी येऊन फोन लावला. तिकडे दिवे लागायची वेळ होती. आईने उचलला. "आबांना दे," मी म्हटलं.

"अगं पण ती समोर असेल ना? रडेल!"

"रडू दे. आबांना दे."

"त्यांना काय विचारायचंय, मला विचार. आज गेलीस का तिच्या हातावर तुरी देऊन?"

"आई! आबांना दे!"

मग बराच वेळ फोनमध्ये नुसतं छत दिसत होतं. कपाटाचं दार वाजलं. आबा समोर आले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस पाणी लावून बसवले होते. लायसनच्या फोटोला बसतात तसे ते ताठ बसले होते. फोन लावण्याआधी मी त्यांना थोडक्यात निरोप पाठवला होता, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. वरचे पुढचे चार दात मी बसवलेले, ए-थ्री, आणि ते थरथरत होते.

भिंगरीने फोन दोन्ही हातांनी धरला. रडली नाही. फक्त विचारलं, "आबा, गाडी लावली?"

"लावली गं राणी," आबा म्हणाले. "लावून मी परत आलो होतो. पळत आलो होतो. तू आत गेली होतीस. मी काचेच्या बाहेर उभा होतो. तुझी लाल टोपी दिसत होती मला."

हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी गाडी घेऊन घरी जायचं असं ठरलं होतं. पण त्यांनी गाडी लावली होती, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच वाकडी लावली होती, आणि ते परत आले होते.

"आता ये," भिंगरी म्हणाली.

"आता नाही येत बाळा. मी इथे राहणार, आपल्या घरी. तू तिथे राहणार, आईबाबांजवळ. हे मी तुला तेव्हाच सांगायचं होतं. राहिलं माझं. आबा चुकले." त्यांनी हात वर केला आणि हलवला. "टाटा, भिंगरी."

मग ती रडली. पाच आठवड्यांचं साठवलेलं एकदम बाहेर आलं. आबाही रडायला लागले. मागून आईचा आवाज आला, "तरी मी सांगत होते, रडेल म्हणून!" आणि मग तीही रडायला लागली, तिच्यामागोमाग मी. नवरा कामावरून आला तर दोन देशांत मिळून चार माणसं हमसून हमसून रडतायत. त्याने बॅग ठेवली, कुणाचं काय झालं हे विचारण्याचं धाडस केलं नाही आणि चहा टाकला. माणूस चांगला आहे.

रडून दमल्यावर भिंगरीने नाक माझ्या ओढणीला पुसलं आणि फोनमध्ये बघून म्हणाली, "गाडी दाखव."

आबा फोन घेऊन खाली उतरले. गाडी दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध उभी होती. भिंगरीने ती पुढून बघितली, मागून बघितली.

"थोडी मागे," ती म्हणाली.

आबा खरोखर गाडीत बसले. इकडून भिंगरी ओरडत होती, "मागे, मागे, मागे, बाSSस!" आणि तिकडे एक सत्तरीचा माणूस चार बोटं गाडी मागे घेत होता. अर्धा तास चाललं ते.

मंगळवारी मी पाळणाघराच्या दाराशी तिच्यासमोर उकिडवी बसले. आमच्याकडे निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. पण या "येते"नेच तर घोळ केला होता.

"भिंगरी, मी जाते," मी म्हटलं. "दूध पिऊन झालं की येते."

तिने गळा काढला. असा काढला की शेजारच्या वर्गातली दोन मुलं साथीला आली. मी हात हलवला, दोन्ही बूट घातले आणि बाहेर पडले. बाहेरच्या बाकावर बसून घड्याळात बघत राहिले. चार मिनिटांनी आवाज थांबला. दूध पिऊन झाल्यावर मी आत गेले तर तिच्या केसांत वाळू होती.

बुधवारी तीन मिनिटं. गुरुवारी रडली की नाही ते कळलंच नाही, कारण मध्ये नळाचा आवाज होता. फक्त एक झालं होतं. आता ती गाड्या लावून झाल्यावर दाराकडे जात नव्हती. इतर मुलांना त्या गाड्यांपाशी बसवत होती, आणि त्यांना एकेक गाडी मागे घ्यायला लावत होती.

शुक्रवार उजाडला. दहावा दिवस. रात्रभर मी मनात वाक्य घोकत होते. खुंटीला तिचा कोट अडकवला, खाली बसले, तिचे हात हातात घेतले. बाई दारात उभ्या होत्या. आज सगळं ठरणार होतं.

"भिंगरी, ऐक हं," मी सुरुवात केली.

तिने खिडकीकडे बोट केलं. डोळे मोठे केले. "आई! काऊ बघ!"

मी बघितलं. शप्पथ सांगते, मी बघितलं. खिडकीत काऊ नव्हता, कबुतरही नव्हतं. मान वळवली तर माझ्या हातात तिचे हात नव्हते. भिंगरी आतल्या खोलीत, गाड्यांच्या ढिगात, पाठमोरी बसली होती. दाराचा आवाजसुद्धा झाला नव्हता.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. माझा निरोप माझ्या घशात राहिला होता. कुणी तरी आपल्याला चुकवून गेलं की कसं वाटतं, ते मला बालवाडीनंतर आज पुन्हा कळलं. मी रडायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने. आतली दोन मुलं माझ्याकडे बघून साथीला आली.

बाईंनी मला वीतभर खुर्ची आणून दिली. मग आत जाऊन भिंगरीला दाराशी आणलं. "इथे कुणीही न सांगता जायचं नाही," त्या म्हणाल्या. "पहिला नियम."

भाषा तिला कळली असेल नसेल, पण मतलब कळला. एका हातात निळी गाडी, कपाळावर आठी, कामाच्या माणसाला मध्येच उठवल्यावर पडते तशी. तिने दुसरा हात माझ्या ओल्या गालावर ठेवला.

"आई, मी जाते," ती म्हणाली. "दूध पिऊन झालं की येते. रडू नको."

आणि हात हलवून गेली. मागे फिरली नाही.

"जागा तिची," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. "तुम्हाला रुळायला मात्र वेळ लागेल."

बाहेर बाकावर बसून मी घरी फोन लावला. आबांनीच उचलला, आता तेच उचलतात.

"काय झालं गं? रडली का?" त्यांनी विचारलं.

"तिला वेळ नव्हता," मी म्हटलं. "मी रडले."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, घसा साफ करावा तसा. आई तिथेच असणार. पण या वेळी तिने कुकरचं नाव घेतलं नाही.